ताटाची डावी बाजू

“जेवलीस का गं?”

“हो, खाल्लं काहीतरी.”

रात्री आठ-साडेआठच्या सुमारास किती घरांत हा संवाद होत असेल! विचारणाऱ्याचं समाधान होतं, फोन ठेवला जातो. ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय, हे पुढं कुणी विचारत नाही.

मी विचारलं. पहिल्या दिवशी चहा-पोळी. दुसऱ्या दिवशी दूध-भात. तिसऱ्या दिवशी कुरमुरे, कारण ‘भूकच नव्हती’. चौथ्या दिवशी पुन्हा चहा-पोळी.

ही माझी मिरजेची मावशी. वय शहात्तर. काका गेले, मुलगा बंगळुरूला, मुलगी नाशिकला. या बाईनं चाळीस वर्षं दोन्ही वेळा सात माणसांचं रांधलं. तिला स्वयंपाक येत नाही, असं म्हणायची कुणाची छाती आहे? ओट्याशी उभं राहायची ताकदही तिच्यात आहे. नाही आहे ती फक्त समोर बसणारी माणसं.

“एकटीसाठी कुठं घाट घालायचा?”

हे वाक्य तिच्या एकटीचं नाही. पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा हेच म्हणतो. हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी हेच म्हणते. बदली होऊन गडचिरोलीला गेलेले गुरुजी हेच म्हणतात. सुनेच्या बाळंतपणासाठी बायको सहा महिने अमेरिकेला गेली, म्हणून मागं राहिलेले काकाही हेच म्हणतात. त्यांना तर हिंगाची डबी कुठल्या फळीवर आहे इथपासून सुरुवात. साठ वर्षांच्या माणसाला वरणाला फोडणी देता येऊ नये, यात कौतुकाचं काय आहे? मुलाला पोहायला शिकवतो, सायकल शिकवतो. कुकर लावायला का नाही शिकवत?

असो. मुद्दा वेगळा आहे.

याच मावशीकडं मी अचानक गेले, तर अर्ध्या तासात ताट समोर येतं. वरण, भात, भाजी, कोशिंबीर, लिंबाची फोड, तळलेलं एक मिरगुंड. सामान घरात होतं, हात तयार होते, वेळही होता. मग काल हे का झालं नाही? कारण काल खाणारी ती स्वतःच होती.

आपल्याकडं रांधायचं ते दुसऱ्यासाठी. बाईनं तर खासच. सगळ्यांचं झाल्यावर बसायचं, उरलंसुरलं संपवायचं आणि त्यालाच जेवण म्हणायचं. चाळीस वर्षं उरलेलं खाल्लं. आता घरात दुसरं कुणी जेवणारं नाही, त्यामुळं उरतही नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. या बहुतेक भरल्या घरातल्या बाया. भरल्या घरात ही कथा, तर एकटीच्या घरात कोण बघतंय?

मावशी महिन्यातून एक दिवस मात्र नीट जेवायची. संकष्टीला. दिवसभराचा उपास, रात्री चंद्रोदयाची वेळ पंचांगात बघून ठेवलेली आणि संध्याकाळपासून ओट्यावर लगबग. अशाच एका संकष्टीला मी तिच्याकडं होते. देवघरातल्या चार बोटं उंचीच्या गणपतीसमोर तिनं छोटं ताट वाढलं. वर टोकाला मीठ. डावीकडं लिंबाची बारीक फोड, ओल्या खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. उजवीकडं बटाट्याची भाजी नि आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, त्यावर वरण, वरणावर तूप. कडेला दोन मोदक. पाण्यानं चौकोन काढला, हात जोडले. मग तेच ताट उचलून स्वतः जेवायला बसली.

मी बघत राहिले. देवाचं ताट एकट्याचंच असतं. ‘एकट्या देवासाठी कुठं कोशिंबीर’ असं तिनं आजवर एकदाही म्हटलेलं नाही. मूद लिंबाएवढी, चटणी बोटावर मावेल एवढी, पण वाढताना एकही पदार्थ गाळायचा नाही.

मग उरलेले एकोणतीस दिवस त्या ताटाचं काय होतं?

सगळ्यात आधी डावी बाजू जाते. एकटं राहणाऱ्या कुणाचंही ताट बघा. भात असतो, पोळी असते, फार तर भाजी असते. चटणी, कोशिंबीर, लिंबू, मूठभर कच्चा पाला, यांची जागा कोरी. ‘तेवढं नसलं तरी चालतं’ म्हणून पहिली कात्री तिथं लागते. आणि नेमकं तिथंच नुकसान होतं.

लिंबाची फोड शोभेची नव्हे. पालेभाजीतलं नि डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, ते लिंबात आहे. दाण्याची, तिळाची, जवसाची, कारळ्याची चटणी म्हणजे ताटातल्या तेलबिया. कोशिंबीर म्हणजे कच्ची भाजी, वर दही किंवा दाण्याचं कूट. आज्यांनी हे आहारशास्त्राची पुस्तकं वाचून मांडलं नव्हतं. पण मांडलं होतं खरं.

आणि चहा-पोळी? पोळीत थोडंफार लोह असतं, चहा ते नीट शोषू देत नाही. जेवणाच्या आधी नि नंतर तासभर तरी चहा-कॉफी नको, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. इथं तर चहा हेच कालवण.

त्याच सूचनांत दिवसाचं ताटही मोजून दिलंय. दोन हजार कॅलरींच्या हिशेबानं धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे-मटण मिळून 85 ग्रॅम, दूध-दही 300 मिलिलिटर, सुकामेवा नि तेलबिया 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम. म्हाताऱ्या माणसाला सगळंच थोडं कमी लागेल. तरीही भाज्यांचा आकडा पुन्हा वाचा.

चारशे ग्रॅम. रोज.

आता एकट्या माणसाचा बाजार बघा. पाव किलो भेंडी घेतली. “तीन दिवस पुरते मला.” अडीचशे भागिले तीन करा. रोज ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम. दुसरी भाजी नाही, कोशिंबीर नाही. म्हणजे गरजेच्या पाचव्या हिश्शावर कारभार चाललाय. वर “मी भाजी रोज खाते हं!”

प्रथिनांचं तेच. किलोमागं रोज 0.83 ग्रॅम, असं प्रमाण सांगितलं जातं. पंचावन्न किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम झाले. दोन पोळ्या नि कपभर चहा यांत दहाही भरत नाहीत. गेल्या दिवाळीत मावशीच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपराकडं घसरताना पाहिल्या. “वय झालं गं, माणूस वाळतोच.” वय होतं हे खरं. पण सगळं वयावर ढकलायचं आणि ताटाकडं बघायचंच नाही, हे कसं चालेल? उतारवयात स्नायू आधीच झिजतात, जीभ नि नाक मंदावतात, तहान-भूक कळेनाशी होते. म्हणजे भूक लागेल तेव्हा खाऊ हा नियमच त्या वयात धोक्याचा. घड्याळ बघून जेवावं. आणि कपडे, बांगड्या सैल व्हायला लागल्या तर डॉक्टरांना सांगावं. ही गोष्ट शेजारणीला सांगून भागत नाही.

आता ‘हेल्दी’वाल्यांकडं वळू.

एकट्या माणसावर त्यांचा डोळा आहेच. ओट्सची पाकिटं, प्रथिनांची भुकटी, काकडी-गाजर चिरून प्लास्टिकच्या वाडग्यात घातलेलं दोनशे रुपयांचं सॅलड. काकडी चिरायला किती वेळ लागतो हो? दाण्याचं कूट, दही, मीठ, साखर चिमूटभर, वर जिऱ्याची फोडणी. पाच मिनिटं. स्नायू कमावायला प्रथिनांच्या भुकट्या टाळा, हेही त्या पोषण संस्थेच्या सूचनांत स्पष्ट आहे. भुकटी विकणारा हे डब्यावर छापणार नाही.

दोन मिनिटांच्या नूडल्सबद्दल मी बोलणार नाही. पाकीट उलटं करा नि मिठाचा आकडा वाचा. दिवसाला पाच ग्रॅम मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि पापड-लोणचं अजून ताटात यायचंय.

“पण एकट्यासाठी भाजी आणली की सडते!” ही तक्रार मात्र खरी आहे. आमच्याकडं बाजार कुटुंबाच्या मापानं भरतो. मेथीची जुडी चौघांची. फ्लॉवरचा गड्डा चौघांचा. सोमवारी मेथी आणली, पिशवीसकट फ्रीजमध्ये कोंबली, गुरुवारी उघडली तर काळपट चिखल. दोष मेथीचा?

मेथी आणली की त्याच संध्याकाळी निवडायची. बातम्या ऐकत बसा, हातानं पानं खुडा. धुवायची नाहीत. ओली पानं लवकर कुजतात. कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवायची. पहिल्या दिवशी तिसरा हिस्सा मुगाच्या डाळीत. दुसऱ्या दिवशी तिसरा हिस्सा भाजणीत मळून थालीपीठ, सोबत दही. उरलेली चिरून, कांदा-दाण्याचं कूट घालून, वर लिंबू पिळून कच्ची. जुडी तीन दिवसांत फस्त, आणि एकच भाजी तीन दिवस खाल्ली असं जिभेला वाटतही नाही.

आणि बाजारात एकट्याच्या मापाचं काहीच नाही, असंही नाही. लाल भोपळ्याची फोड पूर्वीपासून कापूनच मिळते. दुधी अर्धा मागितला तर भाजीवाली कापून देते. एक गाजर, दोन टोमॅटो, एक बीट मागायला लाज कसली? “मावशी, दोनच वांगी द्या” म्हटलं तर ती काय हाकलून देणार आहे? कोकणात, गोव्यात मासळीचा वाटा घेताना लहान वाटा मागता येतोच. नाहीतर जुडी शेजारणीबरोबर वाटून घ्या. ज्या घरांत रिकामी वाटी परत करत नाहीत, त्या घरांना हे समजावून सांगायला हवं का?

अंडं खाणाऱ्यांनी तर तक्रारच करू नये. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं, वर बी-12. निसर्गानंच एकट्याच्या मापाचं पाकीट करून दिलंय. न खाणाऱ्यांनी दूध, दही, ताक सोडू नये. बी-12 भाजीपाल्यात, डाळीत मिळत नाही. शाकाहारी म्हाताऱ्या माणसाला मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर त्यानं हे तपासून घ्यायला हवं.

भांड्यांकडं बघा एकदा. सात माणसांच्या काळातला पाच लिटरचा कुकर, आणि त्यात एकटीची मूठभर डाळ. डाळ तळाला लागते, करपते, कुकर घासताना कंबर मोडते. मग तिसऱ्या दिवशी चहा-पोळी. मावशीच्या घरी दिवाळीत मिक्सर आला, टीव्ही आला. मुलांना दोन लिटरचा कुकर सुचला नाही. मी नेऊन दिला. त्याबरोबर लहान कढई नि लहान झारा. एवढ्यानं निम्मी कटकट मिटली.

त्या कुकरात काय होतं ते सांगते. मूठभर तांदूळ, मूठभर मुगाची डाळ, दोन्ही धुऊन. तुपात जिरं, हिंग, हळद, मग हाताला लागेल ती भाजी: भोपळ्याची फोड, गाजर, मटार, मूठभर मेथी. पाणी जरा सढळ. तीन शिट्ट्या. वाफ जिरेपर्यंत काकडी चोचवा. तांदळात जे अमिनो आम्ल कमी, ते डाळीत आहे. डाळीत जे कमी, ते तांदळात. म्हणून ही जोडी टिकली. खिचडीला आजाऱ्याचं जेवण ठरवून आपण तिच्यावर फार अन्याय केलाय. आणि नुसती खिचडीच का? वरणफळं आहेत, शेंगोळे आहेत, ज्वारीची उकड आहे, मुगाची धिरडी आहेत. एका भांड्यात होणारे किती पदार्थ आपल्याच घरात पडून आहेत, आणि आपण एकट्यासाठी काय करावं म्हणून मोबाइलवर शोधतोय!

“रविवारी आठवड्याचं करून ठेवते,” असं नोकरी करणाऱ्या मुली सांगतात. हेतू चांगला. पण काय करून ठेवता? पाचव्या दिवसाची भाजी नको. मोड आणून ठेवा. रविवारी भिजवलेली मटकी मंगळवारी तयार, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस सहज राहते. रोज मूठभर घ्या नि शिजवा. चटण्या दोन प्रकारच्या करून बरणीत भरा. भाजणी दळून ठेवा. दाण्याचं कूट करून ठेवा. एवढं घरात असलं की डावी बाजू रोज हाताशी आहे, ताजी करायची फक्त उजवी.

भाताबद्दल मात्र कडक राहा. सकाळचा भात दिवसभर ओट्यावर नि रात्री फोडणीचा, ही सवय सोडा. भातात असे जिवाणू असतात, ज्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. फोडणीचा भात जरूर खा. ओट्यावरच्या भाताचा नको.

ज्यांना रोज रांधणं खरोखर जमत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. एकट्या माणसाला रांधून घालणं हे आपल्याकडं नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात गावाकडून एकटे आलेले कामगार खानावळवाल्या बायकांकडं जेवायचे. त्या बायकांना संघटित करून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांच्या हातावर गिरण्या चालल्या, असं म्हटलं तर काय चुकलं? आज गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. पोळ्या तिथून आणा, भाजी आणा. तेल वर तरंगत असेल तर निथळून घ्या. पण त्या पिशवीत डावी बाजू नसते, फार तर लोणच्याची पुडी असते. काकडी, टोमॅटो, लिंबू, दही एवढं घरी ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे ते.

आणि बसून जेवा. कढईतून चमच्यानं, ओट्याला टेकून, एका हातात मोबाइल धरून पोट भरतं, पण काय नि किती पोटात गेलं ते कळत नाही. ताट घ्या, वाट्या घ्या. घासायला चार भांडी वाढतील. वाढू देत.

मावशी आता काय करते? रोज देवाला नैवेद्य दाखवते. संकष्टीची वाट बघत नाही. दुधाच्या वाटीवर आणि साखरेवर भागायचं, तिथं आता ताट वाढलं जातं. युक्ती तिचीच. “देवाला एवढंसं, मग मला तेच,” म्हणाली. बांगड्या अजून सैलच आहेत, पण कोपराकडं पळत नाहीत. परवा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन थोडं चढलंय. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा त्यात वाटा आहेच.

तुमच्या घरचं कुणी एकटं राहत असेल. आई असेल, सासरे असतील, शिकायला गेलेला मुलगा असेल. आज रात्री फोन कराल तेव्हा ‘जेवलीस का’, ‘जेवलास का’ एवढ्यावर थांबू नका. ताटात काय काय होतं ते विचारा. डाव्या बाजूला काय होतं, तेही विचारा. उत्तर ‘काहीतरी’ आलं, तर फोन ठेवू नका.